भिंतीकडं तोंड

सुग्रीवचा हात वर जाताना दिसला तसा नबीनेही आपला हात वर केला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या हरिबाने लगोलग दोघांच्याही वरताण उंच केला. कंट्रोल रूमच्या काचेमागून पंचशीला मॅडमनी मान डोलावून अंगठा दाखवला. झाली चाचणी. धोक्याचा भोंगा टँकर भरायच्या धक्क्यावरच्या तिघांनाही ऐकू आला होता.

नबीला मात्र काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

त्यात त्याला नवलही वाटलं नाही. असे दिवस काढायची त्याला आता सवय झाली होती. जुम्म्याच्या नमाजाला तो हल्ली मागच्या रांगेत उभा राहायचा आणि पुढच्यांच्या पाठी वाकल्या की आपण वाकायचा. कुणी हटकलंच तर गुडघ्यांचं निमित्त सांगायचा. घरी फरजानाने वेगळीच युक्ती काढली होती. जेवायला बोलवायचं झालं की ती दाराजवळचं बटण दोनदा खालीवर करायची. खोलीतला उजेड फडफडला की हा मान वळवायचा. यावर नवराबायकोत एका शब्दाचं बोलणं झालेलं नव्हतं. शहाणी बाई, दुसरं काय.

कारखाना गेवराईच्या अलीकडचा. उसाची साखर एका बाजूला आणि मळीचं अल्कोहोल दुसऱ्या बाजूला. नबी या दुसऱ्या बाजूचा वायरमन. अल्कोहोल टँकरमध्ये भरताना त्याची वाफ सुटते. ती डोळ्याला दिसत नाही, पण एक बारकी ठिणगी मिळाली तरी धक्का, टँकर, माणसं, काही मागे राहायचं नाही. वाफ वाढली की तिचा माग काढणारं यंत्र बसवून झालं होतं. प्रश्न होता तो माणसांना सावध कशानं करायचं याचा.

चीफ साहेब म्हणाले होते, स्टोअरमध्ये जुना भोंगा पडलाय, तोच टांगा की. पंचशीलाने साफ नाही म्हटलं होतं. घाटनांदूरची पोरगी, कारखान्यात सुरक्षेचं काम बघायला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं असेल, पण जिभेला धार. साध्या भोंग्याच्या आत ठिणगी उडते, तेव्हा आग लागेल म्हणून ओरडणाराच आग लावून बसायचा, असं तिने भर मीटिंगमध्ये सुनावलं. मग जाड बिडाच्या घट्ट पेटीतला, आतली ठिणगी आतच ठेवणारा फ्लेमप्रूफ भोंगा आला. त्यावर मॅडमचं पुढचं मागणं आलं, की याच्या जोडीला तसाच फ्लेमप्रूफ लाल दिवा पाहिजे, लुकलुकणारा. थंडीत सगळ्यांच्या कानांना मफलर, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी, इथं ब्लोअरची घरघर, नुसत्या आवाजावर भिस्त कशी ठेवायची?

दिवा मागवून यायला महिना लागला असता आणि तोवर टँकर भरणं बंद. चीफ साहेब वैतागले.

"आपली माणसं काय बहिरी आहेत का?" ते म्हणाले होते.

तेव्हा ठरलं ते असं, की धक्क्यावरच्या माणसांना जागेवर उभं करून बघायचं. ऐकू आलं तर हात वर करायचा. सगळ्यांचे हात वर गेले तर दिव्याचं नाव काढायचं नाही.

गंमत अशी, की धक्क्यावरचे तिघेही मुळात मिल हाउसचे गडी. जिथं ऊस चिरडला जातो त्या धडधडाटात यांची जवानी गेली आणि अल्कोहोलचं काम सुरू झाल्यावर जाणती माणसं म्हणून यांना इकडे आणलं. मिलने नबीचे कान सगळेच नेले नव्हते. ढोल, ट्रक, ढगांचा गडगडाट, हे अजून कळायचं. बारीक आवाज तेवढे गेले. मोबाइलची रिंग, कुकरची शिट्टी, लिंबावरच्या चिमण्या. आणि नवा भोंगा नेमका चिरक्या आवाजाचा निघाला. पण हे बोलायचं कुणाजवळ? ऐकायला येत नाही असं कळलं, की माणसाला धक्क्यावरून उचलून उसाच्या यार्डात टाकत. नबीचा हा शेवटचा सीझन. ज्या हातांनी कारखान्याची निम्मी वायरिंग ओढली, ते हात शेवटी यार्डात ट्रॅक्टरला मागं ये, मागं ये करताना दिसावेत, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. म्हणून त्याने हात वर केला. झालं गेलं.

चहाला कॅन्टीनकडे जाताना त्याने सुपारीच्या डबीसाठी खिशात हात घातला, आणि बोटांना चावी लागली.

तो जागच्या जागी थांबला.

लाईनीवर काम करायचं तर आधी स्विच पाडायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची, ही इथली रीत. कुणी चुकून लाईन चालू करू नये आणि वर चढलेला माणूस जिवानिशी जाऊ नये म्हणून. सकाळी भोंग्याच्या तारा जोडताना नबीने असंच कुलूप घातलं होतं. काम आटोपतंय तोच साहेबांनी घाई केल्याचा निरोप आला, तो तसाच धक्क्यावर जाऊन उभा राहिला, आणि कुलूप राहिलं ते राहिलंच.

तो उलट्या पावली स्विचरूमला गेला. स्विच पडलेला, आणि त्यावर त्याचंच कुलूप. फरजानाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेलं. मॅडमनी आतून बटण दाबलं, त्यांच्यासमोरचा दिवा लागलाही असेल. बंद काचेच्या खोलीतून त्यांना बाहेरचं काय कळणार, त्यांची सगळी मदार या तिघांच्या हातांवर. पण भोंग्यापर्यंत वीज गेलेलीच नव्हती. भोंगा वाजलाच नव्हता.

आणि तीन हात वर गेले होते.

सुग्रीव त्याला धक्क्यामागच्या भिंतीशी सापडला, बिडी ओढायला बंदी म्हणून नुसतीच ओठात धरून बसलेला. नबी त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने तळहातावरची चावी पुढे केली.

"सकाळपास्नं कुलूप व्हतं स्विचला."

"मग?"

"मग भोंगा वाजलाच न्हाई. तू हात कावून वर केला?"

सुग्रीव त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. इतक्या वर्षांच्या दोस्तीत सुग्रीव आपलं बोलणं असं जीव लावून ऐकतो याचं नबीला अप्रूप वाटत आलं होतं. आज त्याला त्यातलं इंगित कळलं.

"म्या तर मफलर सारखा करीत व्हतो," सुग्रीव म्हणाला. "तुझा हात वर गेलेला दिसला, मग म्हणलं वाजला असंल."

"अन् म्या तुझा बघून केला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. हरिबाने तर सगळ्यांच्या वरताण हात केला होता, हे आठवून सुग्रीव गुडघ्यावर थाप मारून हसला. मग ते हसू जसं आलं तसं गेलं.

सुग्रीवने आधी इकडेतिकडे पाहिलं. कुलूप काढ आणि विसरून जा, असं तो म्हणाला. कुणी बघितलंय? तुझा हाच एक सीझन राहिलाय, पण मला अजून चार काढायचेत. यार्डात टाकलं तर दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खायच्या.

"त्या तरी कुठं ऐकू येतेल तुला," नबी म्हणाला.

या वेळी सुग्रीव हसला नाही. त्याने बिडी कानामागे अडकवली आणि मान खाली घातली. नबीला त्याची कीव आली, स्वतःचीही आली, आणि पाठोपाठ भीतीही वाटली. त्याने सुग्रीवच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला वर बघायला लावलं.

"वाफ सुटली अन् भोंगा वाजला, तर तू कोणाचं बघून पळशील?"

"तुझं," सुग्रीव पटकन म्हणून गेला.

"अन् म्या तुझं."

नबी उठला. स्विचरूममध्ये जाऊन त्याने कुलूप काढलं, स्विच वर केला, दोनदा चाचपून पाहिला, आणि तसाच कंट्रोल रूमच्या दारात जाऊन उभा राहिला.

पंचशीला फोनवर होती. चाचणी पार पडली, तिघांनाही ऐकू आलं, असंच काहीतरी साहेबांना सांगत असणार. तिचा चेहरा पडलेला होता. हरलेल्या माणसाचा असतो तसा. नबीला बघून तिने फोन बाजूला धरला.

"काय चाचा?"

कुलपाचं सांगायचं असं तो वाटभर घोकत आला होता. मी दोषी, माझं कुलूप राहिलं. पण ते सांगितलं की सुग्रीवही त्यात आला, हरिबाही आला. चुगली केल्यासारखं होणार. जीभ काही उचलेना.

"पुन्यांदा घ्या एकडाव," तो म्हणाला. "पण आमाला भिंतीकडं तोंड करून उभं करा."

"कशासाठी?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग तिने काचेतून बाहेर धक्क्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं कोण जाणे. फोनवर साहेबांना तिने एवढंच सांगितलं, की थोड्या वेळाने बोलते.

तिघे पुन्हा धक्क्यावर आले. भिंतीकडं तोंड करा म्हटल्यावर हरिबा गोंधळला. सुग्रीवने मात्र नबीकडे एकदाच पाहिलं, राग धरावा तसं, आणि निमूटपणे वळून उभा राहिला.

भिंतीवर 'धूम्रपान सक्त मनाई' असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. नबीने ते वाचलं, परत वाचलं. पायाखालून ब्लोअरची थरथर तळव्यांना लागत होती. तिने बटण दाबलं असेल का? अजून नसेल? आता दाबलं असेल? बाजूला बघायची अशी काही ओढ लागली, की मान आपोआप वळू पाहत होती. अंदाजाने हात वर केला तर? लागला तर लागला निशाणा. अजूनही कुणाला काही कळणार नव्हतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

भिंतीवर एक सावली आली. नबी वळला.

पंचशीला समोर उभी होती. तिने दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबून धरले होते, डोळे बारीक झाले होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ती वर, छताखालच्या त्या बिडाच्या पेटीकडे बघत काहीतरी मोठ्याने बोलत होती. मग तिची नजर खाली आली, नबीच्या चेहऱ्यावर थांबली, आणि तिचे ओठ मिटले.

नबीने मान वळवून बाजूला पाहिलं. हरिबाने हात वर न करता नुसते डोळे मिटून घेतले होते. त्याच्या पलीकडे सुग्रीव हात खाली सोडून, मफलर कानांवरून मागे सारून, मान किंचित कलती करून अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता, भोंगा वाजायची वाट बघत.