दुसरं औक्षण

उत्तराबाईंनी निरांजनाचं ताट दुसऱ्यांदा उचललं, तशी वैदेही पाटावरून उठली.

"बस वं. अदितीचं राहिलं ना."

"एकदा झालं, आई. मी एकच आहे."

वैदेहीची जुळी बहीण अदिती कामठी रोडवर अपघातात गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सक्करदऱ्याच्या या घरात वाढदिवसाला वैदेहीला दोनदा ओवाळायची रीत पडली होती. मागच्या वर्षी तिनं मुकाट्यानं ओवाळून घेतलं. आईचं मन कोण मोडणार!

पण आज वडिलांनी, केशवरावांनी, पाटाशेजारी कागद आणून ठेवले होते. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी चार ठेले पालथे घालणारा हा माणूस परदेशातल्या कुण्या लॅबवाल्याच्या फोनवर भाळला होता. वैदेहीच्या पेशी घ्यायच्या आणि त्यातून अदिती घडवायची.

"तुमचं दोघींचं सारं सारखंच आहे," ते कागदांकडे बघत म्हणाले. "एक सही अन् चिमूटभर कातडी. आपली अदिती वापस येते."

"कशी येते? आम्ही बावीस वर्षं एका ताटात जेवलो, तरी मी अदिती नाही झाली. अन् सारखीच पाहिजे, तर मी समोर उभी आहे. माझ्यानं भागलं का तुमचं?"

"तुले नाही समजत!" केशवरावांचा आवाज चढला आणि तिथंच फाटला. "त्या दिवशी मी तिले म्हटलं, पुन्हा मले तोंड दाखवू नको. तशीच गाडी काढून निघाली ते. मले माफी मागायची आहे तिची."

उत्तराबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

तेच तोंड घेऊन वैदेही दोन वर्षं या घरात वावरत होती. बाबा आपल्याशी बोलताना कधी टीव्हीकडे, कधी भिंतीकडे का बघतात, ते तिला आत्ता कळलं. तिला त्यांची दया आली. रागही आला, आणि राग मोठा होता.

"जिले काहीच ठाऊक नाही, अशा लेकराची माफी मागून काय करसान, बाबा?" तिनं कागद उचलले आणि उभे फाडले. "मी सही करत नाही. आज नाही, कधीच नाही."

केशवराव फाटलेले तुकडे गोळा करू लागले. मग हळूच म्हणाले,

"मग आता कोणाची मागू?"

"माझी मागा," वैदेही म्हणाली. "माझ्याकडे पाहून."