भरल्या गाडीचा चढ

“काका, बास झालं ऐकणं. भात थंड होतोय,” स्टिअरिंगवर बोटं वाजवत उन्नती म्हणाली.

दत्तू भालेरावने व्हॅनची शेजारची सीट उचलून धरली होती. खाली इंजिन चालू होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने इंजिनाला टेकवलं होतं आणि मूठ कानामागच्या हाडाला. हाडातून धडधड कळत होती. तेवढीच कळत होती. बारीक आवाज गेले होते. आधी मोबाइलची रिंग गेली, मग कुकरची शिट्टी. तरुणपणी भिवंडीत लूमवर, यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेली वर्षं आता कान खात होती. हे फक्त त्याच्या बायकोला, शेवंताला ठाऊक होतं. पडघ्यातल्या बाकी लोकांसाठी, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा दत्तूचा कान अजून पूर्वीचाच होता.

शेवंता गॅरेजच्या दाराशी उभी होती. “मी येऊ का संगं?” तिने हातवारे करत विचारलं.

“कशाला? गाडीत जागा कुठाय?” दत्तू म्हणाला. त्याने सीट पाडली आणि तिच्यावर बसला.

व्हॅन जुनी, कार्बोरेटरवाली. उन्नती तिच्यातून रोज राहनाळच्या गोदामांत जेवण पोचवायची. भाताचे आणि डाळीचे टोप भरले की गाडी चढाला धापा टाकायची आणि पेट्रोल प्यायची. दत्तूने खोलगट माथ्याचे पिस्टन काढून सपाट माथ्याचे बसवले होते. वर जागा कमी, म्हणून दाब जास्त. दाब जास्त, म्हणून तेवढ्याच पेट्रोलात ओढ जास्त. व्हॉल्व्ह नव्या पिस्टनला आपटतात का, हे पाहायला त्याने पिस्टनवर कणकेचा गोळा थापला होता, इंजिन हाताने फिरवलं होतं आणि दबलेली कणीक ब्लेडने कापून तिची जाडी मोजली होती. “पोळ्यांना पुरत न्हाय, नि ह्यांच्या पिस्टनला लागते,” असं शेवंता तेव्हा बोलली होती.

हातांचं काम चोख झालं होतं. कानाचं राहिलं होतं. दाब वाढवला की ठिणगी किंचित उशिरा पडावी लागते. नाहीतर चढावर, ओझ्याखाली, इंजिनात बारीक खडखड सुरू होते. ती तशीच चालू दिली तर पिस्टनला भोक पडतं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ती वाजतच नाही. आठवडाभर रिकामी गाडी चालवून पिस्टन रुळवले होते. आज ती पहिल्यांदाच भरून निघाली होती.

हायवेला लागल्यावर उन्नती हसली. “काय पळते हो काका! दीर बोलत होता, भंगारात घाल. त्याला दाखवते आता.”

“चढ येऊ दे.”

पुलाचा चढ आला. उन्नतीने पाय दाबला. गाडी खरोखरच खेचत होती. दत्तूने तळवे सीटवर दाबून धरले. इंजिन नेमकं त्याच्या बुडाखाली होतं, तरी त्याला कळत होती ती फक्त जाड धडधड. त्याने उन्नतीकडे पाहिलं. ती निवांत होती. म्हणजे ठीक असावं.

चढ अर्धा संपला तशी ती काहीतरी बोलली. त्याने पुन्हा विचारलं.

“बोलले, नवा आवाज भारी हाय! डब्यात चणे हलवल्यागत.”

दत्तू तिच्याकडे वळला. “कधीपासून?”

“चढ लागला तवापासून. तुम्ही गप बसलेले, मला वाटलं असाच असतो.”

‘मुद्दाम बघत होतो’ असं दत्तूला म्हणता आलं असतं. तिने मानलंही असतं.

“पाय काढ. बाजूला घे.”

“इथं? मागं कंटेनर हाय! राहनाळ आलंच काका, जेवण टाकून येऊ, मग—”

“पोचणार न्हाय. पिस्टन फुटंल. घे बाजूला!”

गाडी कडेला थांबली. कंटेनर अगदी जवळून गेला तशी टोपांची झाकणं हलली.

“मग आधीच का न्हाय बोलला?” उन्नती ओरडली.

“मला ऐकू आलं न्हाय.”

ती बघत राहिली. “मस्करी करता?”

“बारीक आवाज येत न्हाय मला. दोन वर्षं झाली.” लूमवाल्यांसारखा तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला.

“नि माझ्या गाडीत ऐकायला बसलात? हे जेवण न्हाय पोचलं तर उद्यापासून दुसरा डबेवाला लावतील ते. म्हाईत हाय ना?”

“म्हाईत हाय.”

सीट उचलून दत्तूने एक प्लग काढला. टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर पिस्टनचा चमकता चुरा दिसला नाही. वेळेत थांबले होते. त्याने ठिणगीचं टायमिंग नखभर मागे घेतलं.

“खाली जाऊन परत चढव. आवाज तू ऐक. वाजला की डावा हात उचल.”

तिने गाडी वळवून आणली. चढ लागला. दत्तूची नजर गिअरवरच्या तिच्या हातावर खिळली होती. मध्यावर हात उठला. पुन्हा कडेला, पुन्हा पाना. आणखी मागे घेतलं तर ओढ जाणार, इंजिन तापणार. सगळी मेहनत पाण्यात. त्याने अगदी केसभर फिरवलं.

तिसऱ्या वेळी पुलाचा माथा आला तरी हात गिअरवरच होता.

“नक्की?”

“न्हाय वाजत, बोलले ना,” ती म्हणाली. मग मान वळवून, ओठ सावकाश हलवत पुन्हा म्हणाली, “न्हाय वाजत, काका.”

राहनाळला हमाल ताटं घेऊन उभे होते. “क्या भाभी, आज खाना रास्ते में ही निपटा दिया क्या?” एकजण ओरडला.

“तुझाच वाटा खाल्ला,” टोप उतरवत उन्नती म्हणाली. उशिराचं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही.

परत येताना गॅरेजसमोर तिने गाडी थांबवली. “माझ्या तोंडून कुठं जाणार न्हाय हे.”

दत्तू दार उघडून उतरला.

चिंधू रिक्षावाला वाट बघत बसला होता. दत्तूला बघताच त्याने रिक्षा चालू करून रेस वाढवली. “दादा, कान लावून बघ ना, कसला आवाज येतोय!”

दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर होती. शेवंता दारात थबकली.

दत्तूने खुंटीवरचा स्क्रूड्रायव्हर घेतला नाही. त्याने स्टूल ओढून चिंधूच्या समोर ठेवलं, बसला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“तू सांग, कसला येतो. हळू सांग,” तो म्हणाला. “मला ऐकायला कमी येतं.”