सल्हाच्या गच्चीची खूण

पहाटे भिंतीपलीकडे खसफस सुरू झाली तेव्हा सल्हाला वाटलं, कुणाचं तरी गाढव सुटलंय. ती उठेपर्यंत सासू दाराच्या पडद्याला डोळा लावून उभी होती.

"गाढव नाही गं. झावळ्या! खजुरीच्या झावळ्या ओढत चाललेत. खमीस आहे, त्याचे भाऊ आहेत... अगं बाई, वरची आळी सगळी लोटलीय!"

सल्हा धावत दाराकडे गेली, तशी सासूनं, हनियानं, हात आडवा घातला. "तू नाही. इद्दत चालू आहे तुझी, नवऱ्याच्या सुतकाची. परक्या पुरुषांनी तुला बघायचं नाही, तुझा आवाज ऐकायचा नाही."

"आई, पण कुठे नेतायत झावळ्या?"

हनियानं नुसतं समुद्राकडे बोट केलं.

सल्हाचा नवरा हमिदा उन्हाळ्यात गेला. चांगला धडधाकट माणूस, दुपारी शीड शिवायला बसला आणि बसल्या जागी कलंडला. मागे मुलगी अल्जिया, मुलगा सालेम आणि एक अंगावर पिणारं. आमच्या केर्केना बेटावर जमीन म्हणजे नुसती वाळू आणि मीठ. घर चालतं ते समुद्रातल्या शेतावर. उथळ पाण्यात झावळ्यांची लांबच लांब कूड रोवायची, मासा कुडीच्या कडेकडेनं जात शेवटच्या खोलीत शिरतो आणि तिथल्या गवती पिंजऱ्यात अडकतो. त्याला शर्फिया म्हणतात. जागा बापाकडून मुलाकडे येते, पण कूड दर शरद ऋतूत नव्यानं उभारावी लागते. हमिदाची जागा तशीच पडली होती, आणि बोय मासा तर आता येण्याच्या बेतात होता.

खमीस अर्धलीनं पिंजरे काढायला तयार होता, पण एकट्यानं कूड रोवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून तर हमिदाचा भाऊ तिजानी स्फाक्स शहराहून त्यांना न्यायला आला होता. माणूस वाईट नव्हता. शहरात त्याची एक खोली, त्यात त्याची स्वतःची पाच पोरं, तरी म्हणत होता, "वहिनी, चला माझ्याबरोबर. संध्याकाळच्या बोटीनं निघू. जागा देऊन टाकू कुणाला तरी." सल्हा हो म्हणत नव्हती आणि नाही म्हणायला तिच्याजवळ काही नव्हतं. गाठोडी बांधून दाराशी ठेवलेली होती.

आणि आता या झावळ्या!

"गच्चीवर तरी जाऊ द्या," सल्हानं विनवलं.

"सफसारी घे. डोक्यापासून पायापर्यंत. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

पांढरी सफसारी लपेटून, तान्ह्याला कडेवर घेऊन सल्हा वर गेली. मागोमाग अल्जिया आणि हनियाही. ओहोटी लागली होती. समुद्र लांबवर मागे हटलेला, उरलेलं पाणी मांडीपर्यंत, काचेसारखं. खमीस आणि त्याची माणसं ओळीनं चालली होती. एकजण लोखंडी पहारीनं तळाला भोक पाडायचा, दुसरा झावळी रोवायचा, तिसरा पायानं चिखल दाबायचा.

"आई! तिकडे बघ, तिकडे!" अल्जिया नाचायला लागली.

खोल पाण्याच्या बाजूनं होड्या येत होत्या, झावळ्यांनी इतक्या लादलेल्या की माणसं दिसेनात. खालची आळी! अम्मारकाका पहिल्या होडीत उभा राहून ओरडत होता.

सल्हाला हसू आलं, आणि किती दिवसांनी आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. वरची आणि खालची आळी एका लग्नावरून भांडली होती, कुणाचा ढोल पुढे चालायचा यावरून. त्या लग्नातल्या नवरीला आता नातवंडं झाली होती, तरी अबोला कायम. दोन्ही आळ्यांनी एकमेकींना कळू न देता हमिदाची कूड रोवायला हाच दिवस धरला होता.

"काय रे खमीस," अम्मारकाकाची आरोळी आली, "सकाळी सकाळी वाट चुकलास?"

"तुम्हीच चुकलात, काका! तुमची आळी दुपारशिवाय उठते कधी?"

"हमिदाची आई आमच्या आळीची लेक आहे!"

"आणि हमिदा आमच्या आळीत जन्मला!"

"मग तू किनाऱ्याकडून ये, मी खोलाकडून येतो. बघू कोण आधी मध्यावर पोचतं!"

झालं! शर्यतच लागली. पहारी धपाधप पडायला लागल्या. झावळ्या भराभर उभ्या राहिल्या, हिरवी भिंत दोन्हीकडून धावत सुटली. किनाऱ्यावर बायकांनी चुली पेटवल्या, कुसकुसचं भांडं चढलं, वाळवलेल्या ऑक्टोपसचा वास गच्चीपर्यंत आला. आनंदाचा चीत्कार काढायला बायका हात तोंडाशी नेत, आणि सुतकाचं घर समोर आहे हे आठवून तो तसाच दाबत. तिजानीसुद्धा खाली विजार दुमडत होता.

"भाऊजी, तुम्ही पण?" सल्हा कुजबुजली. ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण त्यानं वर पाहिलं आणि लाजल्यासारखा हसला.

सूर्य माथ्यावर आला आणि सल्हा एकदम कठड्याशी पुढे सरकली.

पाण्यातल्या माणसाला हातभर पुढचं दिसतं. वरून मात्र सगळं दिसत होतं. किनाऱ्याची कूड डावीकडे चालली होती, खोलाची उजवीकडे. दोन्ही एकमेकींना भेटणारच नव्हत्या. मध्ये दोन होड्या आरामात जातील एवढी फट राहत होती.

कारण तिला लगेच कळलं. कूड रोवताना किनाऱ्यावरच्या एका खजुराची खूण धरायची असते. वरच्या आळीचा खजूर दर्ग्यामागचा, खालच्या आळीचा विहिरीजवळचा. दुसऱ्या आळीच्या खजुराकडे बघून कूड रोवायची म्हणजे नाक कापून घेणं. हमिदा हसून म्हणायचा, मासे कुठल्या आळीचे ते अजून कुणी विचारलेलं नाही.

आता पाण्यातही कळलं.

"तुझी ओळ वाकडी आहे!"

"माझी? काका, डोळे तपासून घ्या स्फाक्सला जाऊन! पंचवीस वर्षं कूड रोवतोय मी!"

"उपट ती शेवटची झावळ!"

"तुम्ही उपटा आधी तुमची!"

आणि खरंच अम्मारकाकाच्या पुतण्यानं वरच्या आळीची एक झावळ उपटली. लगेच खमीसच्या भावानं त्यांच्या दोन उपटल्या. लांब क्षितिजापाशी पाण्याचा रंग बदलला होता. भरती परतत होती. पाणी छातीशी आलं की पहार चालत नाही, आणि वारा फिरला तर अर्धवट कूड सकाळपर्यंत वाहून जाते. संध्याकाळची बोट, दाराशी गाठोडी, तिजानीची ती एक खोली. सगळं सल्हाच्या डोळ्यांपुढे एकदम आलं.

"आई," ती सासूकडे वळली. "आई, ते उपटतायत!"

हनियानं कठड्याला हात टेकले. तिच्या लेकाची शर्फिया तिच्या डोळ्यांदेखत उभी राहत होती आणि मोडत होती. माती दिल्यापासून या बाईनं सुनेला अंगणात मोठ्यानं शिंकू दिलं नव्हतं.

"हमिदा तिथून काय हाक मारायचा?" हनियानं विचारलं.

"भाकरी आण, म्हणून."

"आणि तू इथून उत्तर द्यायचीस ना?"

"द्यायची."

"त्याला ऐकू जायचं?"

"जायचं."

"मग दे हाक. इद्दतीचं मी बघून घेईन. अल्लाला काय सांगायचं ते मी सांगेन. ओरड, पोरी!"

सल्हानं तान्ह्याला घट्ट धरलं आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास बाहेर टाकला.

"उपटू नकाऽऽ!"

समुद्रावर सगळं जागच्या जागी थांबलं. पहारी हवेत राहिल्या. महिनोन्महिने त्या घरातून कुणी बाईचा आवाज ऐकला नव्हता.

"दोन्ही राहू द्याऽऽ! फटीत खोली बांधा! दोन्हीकडून तोंडं ठेवा!"

खमीसनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. इकडच्या कुडीनं येणारा मासा फटीत येणार, तिकडच्या कुडीनं येणाराही फटीतच. मग तो मोठ्यानं हसायलाच लागला. "काका, ऐकलंत का? दोन आळ्यांचे मासे एका खोलीत!"

"ऐकलं, बहिरा नाही मी," अम्मारकाका गुरगुरला. "पण खोलीची खूण कुठली धरायची? तुझा खजूर मी बघणार नाही."

"तुमचा मीही बघणार नाही."

"माझ्याकडे बघा!" सल्हा ओरडली. "मी इथून हलत नाही!"

मग अम्मारकाकानं वळून गच्चीवरच्या त्या पांढऱ्या आकृतीवर नजर धरली आणि पहिली पहार घातली. खमीसनं समोरून दुसरी. आणि मग काय विचारता! झावळ्या हातोहात यायला लागल्या, कोण कुठल्या आळीचा ते बघायला कुणाला सवड नव्हती. तिजानी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोर आवळत होता. पाणी चढत होतं, माणसं ओरडत होती, "सल्हाला धर! थोडं डावीकडे! हां, सल्हावर आलं!"

सल्हा हलली नाही. तान्हं रडलं, तिनं सफसारीच्या आत त्याला छातीशी घेतलं. हात भरून आला तेव्हा हनियानं मागून तिच्या कोपराखाली आपला हात दिला.

पाणी खमीसच्या छातीला लागलं तेव्हा शेवटचा पिंजरा बसला.

संध्याकाळच्या बोटीनं कुणी गेलं नाही, तिजानीही नाही. तो चुलीपाशी ओल्या विजारीनं बसून दोन्ही आळ्यांचं कुसकुस आलटून पालटून खात होता, आणि कुणाचं चांगलं हे सांगायला साफ नकार देत होता. सकाळी खमीसनं पिंजरे उचलले, तर बोय मासा असा उसळला की होडी डुलायला लागली. तिजानी टोपलीभर मासे घेऊन एकटाच स्फाक्सला परतला. जाण्याआधी दाराशी बांधून ठेवलेली गाठोडी त्यानंच उचलून घरात नेली.

विहिरीजवळचा खजूर पुढे एका वादळात पडला. दर्ग्यामागचा वाळून गेला. पण शरद ऋतूत ओहोटी लागली की सालेमची मुलं पाण्यातून अजून हाक मारतात, "आजी, वर ये गं!" सल्हा गुडघे धरत, जिन्याला शिव्या देत गच्चीवर चढते, पांढरी सफसारी लपेटते आणि कठड्याशी जाऊन उभी राहते.