कानबाईच्या चौरंगावरची वही

मित्रांनो, माझा एक पाय नखभर आखूड आहे. मी सागाचा जुना चौरंग. निंबा मिस्त्रींनी मला सोनगीरजवळच्या याच घराच्या अंगणात घडवलं. शेवटच्या पायाला करवत जरा जास्त फिरली. “ऱ्हाऊ दे, कानबाई माय सांभाळी लेई,” म्हणत त्यांनी खाली लाकडाची चकती सरकवली. तेव्हापासून मी थोडा डुगडुगतो.

श्रावणात एक रविवार-सोमवार माझा मान मोठा. आमच्या खानदेशच्या कानबाई देवीचा नारळ नथ घालून माझ्यावर बसतो, घरचे नैवेद्याचे रोट करतात, आणि सोमवारी सकाळी मला देवीसकट डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. बाकी वर्षभर माझ्यावर वही असते. निंबा मिस्त्रींची नात दिपमाला माझ्यापुढे मांडी घालून अभ्यास करते. निंबा मिस्त्री, म्हणजे तिचे आबा, होते तोवर तेही शेजारी बसत. त्यांना गणित येत नसे, पण वही सरळ धरायचं काम ते मनापासून करत.

आबा गेले आणि दिपमाला नववीतून दहावीत गेली. धुळ्याचा क्लास लागला. दर आठवड्याला क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांच्या गुणांची यादी यायची. यादी यायच्या आधी ती माझी कड घट्ट धरायची. तिची नखं लाकडात रुतायची, श्वास तुटक व्हायचा आणि आम्ही दोघं हलायला लागायचो. मला वाटायचं, माझाच पाय. चकती सरकली असेल. किती दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो.

मग तिचा दुसरा हात केसांत जाऊ लागला. एक केस, मग दुसरा. उपटलेले केस ती माझ्या खालच्या सांध्यात कोंबून ठेवायची. भांगाजवळ पडलेलं टक्कल ती रिबिनीखाली लपवायची. बोअरच्या पाण्याने केस गळतात, असं घरचे म्हणायचे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवारची आरती चालू होती. मला उचलायचा मान दिपमालाला दिला होता. ती माझी कड धरून वाकली तेवढ्यात कोनाड्यातला मोबाईल वाजला. यादीची वेळ होती; तिने तिकडे एकदाच पाहिलं. मग तिची नखं नेहमीच्या खुणांत येऊन बसली, छाती वरखाली होऊ लागली आणि ती थरथरत खाली बसली.

“उनी, माय उनी,” कुणीतरी म्हणालं. पोरीच्या अंगात देवी आली, असं सगळ्यांनी धरलं. टाळ्या वाढल्या. दिपमालाची काकू नानीबाई हिने तिच्या कपाळावर मळवट भरला. आई वच्छलाबाईसुद्धा पाया पडल्या. शेजारचे झुलालभाऊ पुढे सरकून म्हणाले, “माय, मना लखनले नोकरी कवय लागी?”

“मले पानी द्या,” दिपमाला म्हणाली.

नानीबाईने तिच्या तळहातावर चमचाभर तीर्थ घातलं.

“पानी द्या ना.”

आणखी एक चमचा.

मी गोंधळून गेलो. इतकी माणसं म्हणतात ती देवी, आणि माझ्या कडेला रुतलेली नखं तर रोजचीच. कानबाई तीस वर्षं माझ्यावर बसली, पण ती कधी थरथरली नव्हती. हे सांगायला मला तोंड नव्हतं. थोड्या वेळाने पोरीचा श्वास आपोआप सावरला. मला दुसऱ्या कुणीतरी उचललं आणि सगळे वाजतगाजत नदीवर गेले.

मंगळवारी वच्छलाबाईंनी मला धुवायला उलटं केलं. सांध्यात काहीतरी अडकलं होतं. त्यांनी काडीने कोरून काढलं. केसांचा गुंता निघाला, मूठभर. तो त्यांनी तसाच हातात धरला. मग त्यांनी दिपमालाला हाक मारली.

“ह्या तुना शेतस का?”

दिपमालाने होकाराची मान हलवली.

“कवयपासून?”

“आबा गयात तवयपासून.”

वच्छलाबाई रागावल्या नाहीत. ओल्या हाताने त्यांनी तिची रिबीन सोडली आणि टकलावर हात ठेवला. शाळेतल्या नूतन मॅडमना फोन केला. मॅडमनी धुळ्याच्या मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं.

नानीबाई दारात येऊन म्हणाली, “देवीले दवाखानामा लई जाशीन का?”

“देवी कालदिन नदीमा गयी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “घरमा मनी पोर शे.”

नानीबाई आठवडाभर बोलली नाही.

मित्रांनो, पोर एका दिवसात बरी झाली, असं मी सांगणार नाही. गोळ्या आहेत, दर महिन्याला डॉक्टरांशी बोलणं आहे. क्लासचा ग्रुप तिने सोडला. हात अजून कधीकधी केसांत जातो. मग ती आबांचा पॉलिशपेपर घेते आणि माझी कड घासत बसते. खुणा पुसट झाल्या आहेत. तिच्या आत नेमकं काय हलतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी लाकूड आहे. पण तुम्हाला शेजारी बसून विचारता येतं. तेवढं करा.

यंदाच्या श्रावणात आरतीच्या वेळी दिपमालाने पुन्हा माझी कड धरली. नखं रुतली. टाळ्या मंदावल्या. झुलालभाऊंनी हात जोडायला घेतले, मग वच्छलाबाईंकडे पाहून खाली केले. नानीबाईच्या हातात तीर्थाची वाटी होती. ती वाटी तिने माझ्यावर ठेवली आणि आत गेली.

बाहेर आली ती भरलेला तांब्या घेऊन.

“पी बेटा,” ती म्हणाली. “बठ्ठा तांब्या पी.”