हात न लावलेला जॉब

कॉलेजच्या वर्कशॉपमधले फिटिंगचे मास्तर मुळात मास्तर नव्हतेच. एकवीस वर्षं ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते आणि त्यांच्या हातून गेलेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, पुन्हा मोजायच्या भानगडीत तिथे कुणी पडत नसे. कारखाना बंद पडला तेव्हा ओळखीतल्या एकाने त्यांना कॉलेजात चिकटवून दिलं. "चार महिने काढतो, मग बघू," असं बायकोला सांगून ते जे आले, ते सात वर्षं झाली तरी तिथेच. त्यातली बरीचशी वर्षं त्यांनी नुसता जीव जाळण्यात घालवली.

आणि जीव जळणार नाही तर काय? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं ती. हातात लोखंड घासायची कानस दिली की झाडू धरावा तशी धरायची. "सर, हे मशीनवर होत नाही का?" असं वर विचारायची. काम तरी केवढं, तर लोखंडाच्या दोन पट्ट्या घासून काटकोनात आणायच्या, एकीत खाच पाडायची, दुसरीचा दात त्या खाचेत बसवायचा. दोन्ही तुकडे जोडून खिडकीकडे धरले आणि सांध्यातून उजेड दिसला नाही की झालं. पण पोरांच्या सांध्यांतून एवढा उजेड यायचा की त्यात पेपर वाचून व्हावा. मास्तरांना ते बघवत नसे.

मग मास्तर काय करायचे, तर पोरं जेवायला गेली की एकेकाचा जॉब बेंचावरच्या व्हाइसच्या जबड्यात धरायचे आणि त्यावर हात फिरवायचे. इथली कड मार, तिथला कोपरा काढ, दहा मिनिटांत जॉब असा की बघत राहावं. पोरं खूश, विभागप्रमुख खूश. पोरांना त्यातलं काय आलं, हे कुणी विचारलंच नाही. मास्तरांनीही नाही.

विचारलं ते एका परीक्षकांनी, चार वर्षांपूर्वी. टर्मभर केलेले वीस जॉब त्यांनी टेबलावर ओळीने मांडले, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "मास्तर, पोरं वीस आणि हात एकच?" मास्तरांना ती चक्क शाबासकी वाटली. घरी येऊन त्यांनी ती ऐकवलीसुद्धा. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे परीक्षेला तुम्हीच बसला होतात की." हे मात्र त्यांना लागलं. पण लागलं म्हणून सवय थोडीच जाते? हात फिरवणं थोडं कमी झालं, थांबलं नाही.

यंदा बॅचला डावरी आली. हजेरीत तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण डाव्या हाताने कानस मारते म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी तिला डावरी करून टाकलं आणि तिनेही ते हसून घेतलं. पोरगी चिकाटीची, पण जॉब काही केल्या सरळ होईना. एका बाजूला उतार यायचा तो यायचाच. शेवटी एका दुपारी मास्तरांनी तिचा जॉब उचलला आणि कानस लावणार एवढ्यात ती विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला परत आली.

"सर, तो माझा जॉब आहे."

"ठाऊक आहे गं. जरा हात फिरवतो."

"नको, सर. वाकडा आहे तर वाकडा राहू दे. तुम्ही सरळ केलात तर तो कुठे वाकडा होता ते मला कसं कळणार?" असं म्हणून तिने व्हाइस सैल केला, जॉब काढला आणि ॲप्रनच्या खिशात टाकून निघून गेली.

मास्तर बघतच राहिले. आयुष्यात त्यांच्या हातून जॉब काढून घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती. संध्याकाळी घरी ते बराच वेळ धुसफुसले. आजकालची पोरं, मोठ्यांचा मान, वगैरे सगळं म्हणून झालं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग तिचा वाकडा का होतो?" वाकडं सरळ करणं त्यांना यायचं. ते वाकडं का झालं, याच्या वाटेला ते कधी गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून पोरं जेवायला गेली की मास्तर डाव्या हातात कानस घेऊन उभे राहू लागले. काय सांगावं त्यांची दशा. पहिला जॉब वापरून झालेल्या साबणासारखा गोल झाला. खांदा भरून आला, बोटं सोलली. आठवडाभर हे चाललं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते सगळ्यांना डावा पाय पुढे टाकून उभे करायचे. डावरीही बिचारी तशीच उभी राहायची आणि मग तिचं कोपर शेवटच्या इंचाला बाहेर पडायचं. उतार येत होता तो तिथून.

"उजवा पाय पुढे. कोपर अंगाशी," सोमवारी ते तिला म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून बाजूला झाले. ते हात त्यांनी मग कुणाच्याच जॉबला लावले नाहीत. दिवसभर बेंचामागून फिरायचे, बघायचे, विचारायचे, "कुठे चुकलं असं वाटतंय तुला?" पोरं आधी वैतागली, मग उत्तरं द्यायला लागली. जॉब दिसायला जेमतेमच व्हायचे, आणि तरी मास्तर सकाळी घरून दहा मिनिटं लवकर निघू लागले.

डावरीने चार जॉब घालवले. पाचवा तिने खिडकीकडे धरला आणि मास्तरांपुढे केला. सांधा नुसता काळा, उजेडाचा मागमूस नाही. मास्तर "हं" एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी ते घरी चालतच गेले. बसस्टॉप मागे पडला हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

परीक्षेला नेमके तेच परीक्षक आले. टेबलावर वीस जॉब मांडले होते. त्यांतले एकोणीस पोरांच्या हातचे आहेत हे आंधळ्यालाही कळलं असतं. परीक्षकांनी ते झपाझप तपासले. विसावा हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटा फिरवून पुन्हा धरला आणि चष्मा कपाळावर सारला.

"हा कुणाचा?"

"माझा, सर," डावरी म्हणाली.

परीक्षकांनी तिच्याकडे न बघता मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, एकोणीस पोरांचे आणि एक तुमचा. कोण लागते ही तुमची?"

डावरीचा चेहरा खर्रकन उतरला. टर्मचं काम नाकारलं की वर्कशॉपमध्ये नापास, आणि वर्कशॉपमध्ये नापास झालं की पुढच्या वर्गात प्रवेश नाही. पुढच्या वर्षी पुन्हा याच बेंचावर, नव्या पोरांबरोबर. आणि साहेब तरी खोटं कुठे बोलत होते? या वर्कशॉपमध्ये असं होत नाही, असं मास्तर कोणत्या तोंडाने सांगणार होते? आपलं केलेलं पोरीच्या डोक्यावर येऊन बसलं, हे त्यांना लख्ख दिसलं.

परीक्षक माणूस वाईट नव्हते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "जरासा हात फिरवला, एवढं म्हणा. पन्नासपैकी वीस देतो, पास होईल. मुलीचं वर्ष मलाही घालवायचं नाही."

एका 'हो'चं काम होतं. म्हटलं असतं तर पोरगी सुटली असती, मास्तर सुटले असते, परीक्षक जेवायला सुटले असते. पण डावरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"साहेब, चार वर्षांपूर्वीचे वीसच्या वीस माझे होते," मास्तर म्हणाले. "लिहून मागाल तर लिहून देतो. पण हा माझा नाही."

दारात उभ्या असलेल्या विभागप्रमुखांना ठसका लागला. मास्तरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "कानशीच्या रेघा बघा, उलट्या तिरक्या आहेत. हा डाव्या हाताचा जॉब आहे. मी हात लावला असता तर बिघडला असता."

"तुम्हाला डाव्या हाताने येत नाही कशावरून?"

"आत्ता दाखवतो काय फजिती होते ती," म्हणून मास्तर बाह्या सारायला लागले.

"सर, तुम्ही नका," डावरी म्हणाली. तिने कानस आधीच उचलली होती. "मी करते."

परीक्षकांनी बॅगेतून कोरी पट्टी काढली, तिच्यावर आपला नंबर ठोकला. "दोन कडा, काटकोनात. एक तास. यात जेवढे मिळतील तेवढेच टर्मच्या कामाला. मास्तर, तुम्ही त्या भिंतीपाशी. बोलायचं नाही. खाकरायचंसुद्धा नाही."

डावरीने पट्टी व्हाइसमध्ये आवळली. जॉबला दात लागू नयेत म्हणून व्हाइसच्या जबड्यांवर पत्र्याच्या पट्ट्या घालायच्या असतात. त्या तिच्या कोपरापाशी पडल्या होत्या आणि घाबरगुंडीत ती त्या विसरली होती. एक शब्द पुरला असता. मास्तरांनी पाठीमागे हात असे आवळले की बोटं पांढरी पडली.

पहिली काही मिनिटं कानस नुसती घसरली. मग तिने थांबून उजवा पाय पुढे घेतला, कोपर अंगाशी आणलं आणि आवाज लागला. कानस नीट चालायला लागली की तिचा आवाज एकसारखा येतो. तो ऐकून मास्तरांनी श्वास सोडला. अर्ध्या तासाने तिने जॉब काढला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख कडेवरून हळूच फिरवलं. एका जागी थांबली, पुन्हा जॉब लावला, तेवढ्याच जागी तीन हात मारले.

डोळे मिटून नख फिरवायचं, हे मास्तरांनी कुणाला शिकवलं नव्हतं. आपण असं करतो हे त्यांना स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हतं. तिने ते बघून उचललं होतं. मास्तरांचा ऊर भरून आला, आणि खाकरायची बंदी असल्याने त्यांची भलतीच पंचाईत झाली.

तास भरला. परीक्षकांनी काटकोन तपासायचा गुण्या लावला, खिडकीकडे धरला. बॅचमधलं कुणी हलेना. एक कड, मग दुसरी, मग कोपरा. उजेड नाही. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जॉब उलटसुलट करून बघितला आणि कागदावर आकडा टाकला.

"सत्तेचाळीस."

बॅचने टाळ्या वाजवल्या. डावरी टेबलापाशीच उभी. "तीन कुठे गेले, सर?"

मास्तरांना हसू फुटलं. परीक्षकांनी जॉब तिच्यापुढे आडवा केला. दोन्ही अंगांवर व्हाइसच्या दातांचे वळ उठले होते. तिने जीभ चावली. मग एकदम मास्तरांकडे वळली.

"सर, तुम्हाला दिसलं होतं?"

"तू आवळलास तेव्हाच."

"मग निदान खाकरायचं तरी."

"खाकरलो असतो तर पन्नास मिळाले असते," मास्तर म्हणाले. "पण त्यांतले तीन माझे झाले असते."

परीक्षक लिहिता लिहिता थांबले. मास्तर मात्र त्या वळ उठलेल्या जॉबकडे बघत होते. इतका अभिमान त्यांना स्वतःच्या हातच्या कुठल्याही कामाचा वाटला नव्हता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

डावरीने जॉब ॲप्रनला पुसला, ते वळ एकदा नीट बघून घेतले.

"मग राहू देत तीन," ती म्हणाली.