मागणीची बाटली

गुरुवारी दुपारी बाटलीत चार बोटं दारू उरली होती. सोमवारी हीच बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि तिच्या गळ्यात लाल लोकरीचा दोरा होता. तो दोरा आता घरातल्या मांजरीने खेळून खेळून विस्कटून टाकला होता.

"मास्तर, पान टाका," तिबुर्सिओ म्हणाला. "बाटलीकडे काय बघत बसलात? ती कुठे पळून जात नाहीये."

ती पळूनच चालली होती. मेलितोन मास्तरांनी हातातलं कुठलं तरी पान टाकलं. ती तलवारीच्या रंगाची सत्ती निघाली आणि डाव गेला.

"वा! असा पाहुणा दर पावसाळ्यात यावा," तिबुर्सिओने पत्ते गोळा केले. "नेलिदा, चहाचं पाणी ठेव गं. काय सुंदर पडतोय!"

बाहेर चार दिवस सलग पाऊस पडत होता. कुस्कोतल्या सान ब्लास वस्तीच्या उतारावरून पाणी गल्लीतल्या दगडी पन्हळीतून खळाळत खाली चौकाकडे धावत होतं. तिबुर्सिओचा धंदा देवांच्या तसबिरींच्या चौकटी कोरून त्यांवर सोन्याचा वर्ख चढवण्याचा. पावसात वर्खाखालचा खडूचा लेप वाळत नाही, त्यामुळे जानेवारीत पावसाळा लागला की तो दुकानाला कुलूप लावायचा, स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ खुर्ची ओढायचा आणि तीन महिने तिथून हलायचा नाही. चहा, मक्याची कणसं, चीज, पत्ते. त्याच्या मते देवाने कुस्कोला पाऊस दिला तोच मुळी माणसाने घरात बसावं म्हणून.

मेलितोन मास्तर मात्र बसायला आले नव्हते. ते आयाविरीहून सात तास बसमध्ये आखडून आले होते ते आपल्या एफ्राईनसाठी तिबुर्सिओच्या नेलिदाला मागणी घालायला. पोरांचं आपापसांत दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. उरली होती ती रीत. मुलाच्या बापाने आपल्या घरून बाटली आणायची, मुलीच्या बापासमोर उभं राहून चार शब्द बोलायचे किंवा नातेवाइकाकडून वदवायचे आणि पेला भरायचा. मुलीच्या बापाने चिडायचं, नाही म्हणायचं, पोराची लायकी काढायची आणि शेवटी उठून उभ्याने तो पेला रिकामा करायचा. पेला रिकामा झाला की सोयरीक पक्की. पण शब्द आधी यायला हवेत. शब्दांआधी पोटात गेलेली दारू ही नुसती दारू.

आणि तिथेच घोळ झाला होता. सोमवारी मास्तर दारात पोचले ते टोपीपासून मोज्यांपर्यंत निथळत. दातावर दात आपटत होते. तिबुर्सिओने त्यांना आत ओढलं, खांद्यावर घोंगडी टाकली, त्यांची पिशवी उघडली आणि बायकोला हाक मारून ओरडला, "पाउलीना, बघ तरी! औषध बरोबर घेऊनच आलेत!" मास्तर "अहो, ती…" एवढंच म्हणेपर्यंत लाल दोरा दाताने तुटला होता, बूच उडालं होतं आणि गरम चहात दोन-दोन झाकणं पडली होती. मोकेगुआहून खास मागवलेली द्राक्षाची दारू. मास्तरांनी चहा घेतला. न घेऊन काय करणार? थंडी वाजत होती, आणि यजमानाला पहिल्याच क्षणी 'तुम्ही चुकलात' असं तोंडावर कसं म्हणायचं, हे त्यांना सदतीस वर्षांच्या नोकरीत कधी जमलं नव्हतं.

तेव्हापासून रोज तीन वेळा चहा आणि रोज तीन वेळा झाकणं.

खरं तर बोलायचं काम मास्तरांचं नव्हतंच. त्यांच्या वतीने बोलायला त्यांचा मेहुणा बोनिफासिओ मंगळवारी यायचा होता. बोनिफासिओची जीभ अशी की दगडाकडूनही होकार आणील. पण सोमवारी रात्री वाटेतल्या उर्कोसजवळ डोंगर खचून रस्त्यावर आला आणि वाहतूक बंद झाली. मंगळवारी मास्तरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याला फोन केला होता.

"बाटली उघडली?" बोनिफासिओ किंचाळला. "शब्दाआधी? भावजी, तुम्हाला एकटं पाठवणं म्हणजे कोकराला बाजारात पाठवणं!"

"तिथलीच दुसरी घेऊ का?"

"मुलीच्याच गल्लीतून बाटली घेणार? म्हणजे आपल्या घरात दारूसुद्धा नाही असं सांगणार त्यांना? काही करू नका. मी दुसरी आणतो. मी येईपर्यंत तोंड उघडू नका. फक्त खा."

ते मात्र त्यांनी मनापासून पाळलं होतं, कारण तिबुर्सिओ आणि पाउलीना दुसरं काही करूच देत नव्हते. बुधवारी दुपारी त्यांनी धीर करून "तिबुर्सिओ, मी एका कामासाठी…" अशी सुरुवात केली, तर पाउलीनाने समोर कार्निव्हलच्या सणाचं कालवण ठेवलं. कोबीची पानं, मेंढीचं मांस, छोले आणि त्यात अख्खे शिजलेले पीच. "आधी जेवा, कामं कुठे जातात," ती म्हणाली. ताट संपलं तर दुसरं आलं. दुसरं संपवताना मास्तरांना डुलकी लागली. संध्याकाळी पुन्हा सुरुवात केली, तर तिबुर्सिओने पत्ते पिसले. पुढच्या बुधवारी राखेचा दिवस, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांची सुरुवात. त्यानंतर चाळीस दिवस कुणी मागणी घालत नाही. आणि ईस्टर झाला की नेलिदा मावशीकडे लिमाला नोकरीला जाणार होती, हे तिने स्वतःच त्यांना सांगितलं होतं.

सांगितलं तेही कसं? बुधवारी संध्याकाळी ती चुलीत लाकडं सारत होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाली, "काका, शाळेत तुम्ही मुलांना शिकवायचात तरी कसं? हातवारे करून?"

"बाळ, बोनिफासिओ येतोय ना…"

"बोनिफासिओमामांशी लग्न करायचंय का मला? एफ्राईन रोज फोन करतो. दुकानातली बाई मला हाक मारते, मी भिजत जाते, तो विचारतो, बाबा बोलले? मी म्हणते, जेवले. तो विचारतो, मग बोलले? मी म्हणते, पत्ते हरले. ईस्टर झाला की मी लिमाला मावशीकडे नोकरीला जाणार, मग कुणाशी बोलणार?"

मास्तर खजील झाले. रात्रभर त्यांनी पाठ केलेलं भाषण मनात घोकलं. 'आमच्या घरट्यात एक पाखरू एकटं आहे' अशी सुरुवात होती. छान होती. पण घरट्यापाशी आलं की पुढचं वाक्य सापडत नव्हतं.

आणि आता गुरुवारी चार बोटं. त्यांनी पत्त्यांआडून पुन्हा मोजली. तीन चहात ती संपणार. बोनिफासिओची दुसरी बाटली डोंगरापलीकडे, आणि रस्ता कधी उघडेल हे रेडिओलाही ठाऊक नव्हतं.

नेलिदाने चार कप मांडले. तिबुर्सिओने बाटली उचलली. "आज जरा जास्तच घालू. पाऊस जास्त आहे."

त्याने बाटली कपावर कलती केली आणि मास्तरांचा हात पुढे गेला. विचार करून गेला असता तर गेलाच नसता. त्यांनी कपावर तळवा धरला. दारू त्यांच्या बोटांवरून टेबलावर आणि टेबलावरून तिबुर्सिओच्या मांडीवर ओघळली.

"अहो! काय करताय?"

मास्तर उठले. त्यांची खुर्ची मागे आडवी झाली. पाखरू, घरटं, सगळं उडून गेलं होतं.

"तुमची मुलगी माझ्या मुलाला द्या!" ते ओरडले.

चुलीवरची किटली फुसफुसत राहिली. नेलिदाने तोंडावर हात धरला.

तिबुर्सिओने मांडी पुसली. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "नाही," तो म्हणाला. "ही काय रीत झाली? उरल्यासुरल्या दारूवर मागणी? माझी एकुलती एक मुलगी म्हणजे काय फुटका माठ आहे? तुमचा पोरगा तो, मेंढरं मोजणारा…"

"पशुवैद्य आहे तो!"

"एकच. नाही म्हणजे नाही!"

मास्तरांचं इथे अडलं. नाही म्हणायचं असतंच, त्याला ते हरकत घेत नव्हते. पण हा 'नाही' रीतीतला होता की मनातला, हे त्यांना कळेना. बोनिफासिओला कळलं असतं. ते बघत राहिले, तिबुर्सिओच्या हाताकडे. हात बाटलीच्या मानेभोवती घट्ट होता.

"उरलीसुरली?" मास्तर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "उरलीसुरली कोणी केली? चार दिवस माझ्या पोराचं लग्न तुम्ही चहात घालून पिताय! मी तोंड उघडतो तर तुम्ही त्यात पीच घालता! मला पीच आवडतसुद्धा नाहीत!"

"मग सांगायचं नाही का? मला काय माहीत ही मागणीची बाटली आहे?"

"माहीत नव्हतं?" चुलीजवळून पाउलीना म्हणाली. तिने पदरासारखी ओढलेली शाल नीट केली आणि पुढे आली. "सोमवारी दाताने दोरा तोडताना ह्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला, मास्तर. लाल दोऱ्याची बाटली ह्यांना कळत नाही होय! मला मागणी घालायला हेच तर बापाबरोबर अशी बाटली घेऊन आमच्या घरी आले होते, तीन वेळा."

"पाउलीना!"

"खोटं आहे का? म्हणाले, शब्दाआधी पिऊन टाकली की बांधिलकी नाही. पाऊस आहे तोवर बसू दे म्हाताऱ्याला, थकेल आणि जाईल."

मास्तरांच्या कानशिलांत रक्त चढलं. चार दिवस ते स्वतःलाच भित्रा, मुखदुर्बळ, नालायक बाप म्हणून कोसत होते.

"का?" त्यांनी विचारलं. "माझं घर वाईट आहे?"

तिबुर्सिओने टेबलावरचे ओले पत्ते एकावर एक रचायला घेतले. "आयाविरीत थंडी फार," तो शेवटी पुटपुटला. मग पत्ते ठोकून सरळ करत म्हणाला, "लिमाहून ही पावसाळ्यात तरी परत येईल. सासरी गेली की पावसाळ्यात इथे आम्ही दोघंच. दोघांत पत्ते खेळता येतात का? तुम्हीच सांगा. दोघांत काय मजा?"

"पप्पा," नेलिदा म्हणाली, "पाऊस तीन महिने असतो. बाकीचे नऊ महिने तुम्ही दुकानात असता आणि मी जिवंत आहे की नाही हेही विचारत नाही."

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलतायत."

"मोठी माणसं चार दिवस बोलतच नव्हती, तीच तर तक्रार आहे!"

पाउलीनाने नवऱ्याच्या हातातून बाटली काढून घेतली. फडताळातून पेला काढला, पुसला, आणि उरलेली सगळी दारू त्यात ओतली. पेला जेमतेम भरला. "मागणी आईलाही असते," ती म्हणाली. "मला चार दिवसांत थेंबही कुणी विचारला नाही." तिने उभ्याने अर्धा पेला घेतला, डोळे मिटले, ओठ पुसले. "माझं झालं. तुमचं बघा."

तिबुर्सिओने पेल्याकडे पाहिलं. मग हात लांब करून तो उचलला आणि आपल्या चहावर कलता करू लागला.

"चहात नाही!" मास्तर गरजले. आयाविरीच्या शाळेत चाळीस पोरं एका क्षणात गप्प करणारा हा आवाज निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदा काढला होता. "पेल्यातून. आणि उभं राहून. चहातली मोजायची म्हटली तर सोमवारपासून तुमचे दहा होकार झालेत!"

पाउलीना खुदकन हसली. तिबुर्सिओ हसला नाही. तो टेबलाला धरून उठला, त्याचा गुडघा कटकन वाजला. पेला हातात धरून त्याने मुलीकडे पाहिलं; मुलगी जमिनीकडे बघत होती. मग त्याने औषध घ्यावं तसा एका दमात पेला रिकामा केला.

"कडू आहे," तो म्हणाला आणि बसला. "मोकेगुआची म्हणे. वाटा पत्ते."

कोणी पत्ते वाटले नाहीत. नेलिदा स्वयंपाकघरातून पळत बाहेर गेली, आणि पाउलीना भांडी वाजवू लागली. मास्तरांनी आडवी झालेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. व्हायचा असेल पुढे. आत्ता फक्त राग होता, तोही एवढा उशिरा आलेला की त्याचं काय करावं हे कळत नव्हतं. तिबुर्सिओकडे पाहून दयाही येत होती, आणि दया आली म्हणून आणखीच राग येत होता.

"मी फोन करून येतो," ते म्हणाले.

"छत्री घ्या, व्याही," तिबुर्सिओ मान वर न करता म्हणाला.

मास्तरांनी छत्री घेतली नाही. कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर बुटांत पाणी भरलं. दुकानाच्या दारात ते टोपी पिळत होते तोच दुकानातल्या बाईने फोन पुढे केला. "तुमचाच आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा."

"भावजी!" बोनिफासिओचा आवाज खरखरीतून आला. "रस्ता शनिवारी उघडतोय म्हणतात. बाटली घेतलीय मी, चांगली दोन लिटरची. भाषणही बसवलंय. ऐकाच!"

"बोनिफासिओ, मी…"

"मध्ये बोलू नका. तुम्ही तिथे काही बोलला नाहीत ना? देवाची शपथ घेऊन सांगा. तुमच्या जिभेवर मला काडीचा भरवसा नाही. एक शब्द जरी बोलला असाल तर सगळं मुसळ केरात! आता ऐका: 'मित्र तिबुर्सिओ, डोंगर कोसळला तरी नातं कोसळत नाही…' कसं आहे? भावजी? बोलला नाहीत ना?"

छपरावर पाऊस धडधडत होता. मास्तरांनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला. पलीकडे बोनिफासिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.

"काही ऐकू येत नाही," मास्तर मोठ्याने म्हणाले. "पाऊस फार आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला.