चार बदाम, त्यावर चार इस्पिक

ब्रिजमधल्या चुका कशा टाळाव्यात, यावर आमच्या यवतमाळच्या क्लबात दर रविवारी प्रवचन देणारा माणूस नवरा म्हणून मला मिळाला, ही माझी पूर्वपुण्याई. अनंतराव निवृत्त झाले ते फक्त कचेरीतून. साहेबी अजून चालूच आहे.

ब्रिजमध्ये शेवटची बोली ज्या जोडीची, तिच्यातला एक जण डाव खेळतो. दुसरा डमी, म्हणजे पत्ते उघडे मांडून तोंड मिटून बसणारा. आता साहेब माणूस बायकोसमोर तोंड मिटून बसेल? म्हणून मी बोली लावली की हे त्यावर आपली चढवतात. हातात काय आहे हा प्रश्न गौण.

अंतिम सामन्याचा शेवटचा डाव होता. जिंकणारी जोडी नागपूरच्या स्पर्धेला जाणार होती आणि मला जायचंच होतं. बदामाचे सात पत्ते, एक्का-राजा-राणी माझ्याकडे. मी म्हटलं, "चार बदाम."

"चार इस्पिक," हे लगेच म्हणाले. इस्पिक बदामाच्या वरचं, म्हणून डाव ह्यांचा आणि हुकूम इस्पिकचा.

माझ्याकडे इस्पिकचा एकच पत्ता. पत्ते मांडले आणि बसले देवळातल्या मूर्तीसारखी. "आधी समोरच्यांचे हुकूम काढून घ्या" हे ह्यांचं प्रवचनातलं पहिलं वाक्य. ह्यांनी आधी माझे बदाम ओढले. एक्का चालला. राजावर समोरच्या गौरीने हुकमाची दुरी मारली आणि डाव बुडाला. गौरी आणि पियूष जिंकले.

घरी लोहाऱ्याला निघालो तेव्हा गाडीत पुन्हा प्रवचन सुरू.

"शीला, एकदम चारवर उडी काहून मारली? पुढच्या वर्षी नीट बोली लाव."

"पुढच्या वर्षी मी गौरीसंग खेळून राह्यली. पियूषची बदली झाली, अन् मी तिले हो म्हटलं."

"मग माझ्यासंग कोण खेळन? भावसिंग?"

"त्यानं मागंच हात जोडले तुमाले."

"कौसल्याबाई?"

"तुमचा आवाज ऐकला की त्यांचं बीपी वाढते."

ह्यांचा उतरलेला चेहरा पाहून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण शब्द मी मागे घेतला नाही. नागपूरला मला जायचं होतं, आणि ह्यांच्याबरोबर ते ह्या जन्मी जमणार नव्हतं.